चेंडूकडे न बघणारे अण्णा

अण्णा गुप्त्यांनी पस्तीस वर्षं फुटबॉल पाहिला आणि त्यात एकही गोल पाहिला नाही. हे मी विनोदानं लिहीत नाही. मैदानाच्या पूर्वेच्या अंगाला, चुन्याच्या रेघेपासून बरोबर सहा पावलं मागे, घडीच्या खुर्चीवर ते बसायचे. चेंडू डावीकडे गेला की दोनशे माना डावीकडे वळायच्या आणि अण्णांची उजवीकडे. चेंडू गोलपाशी आला की ते सरळ आपल्या चपलांकडे बघायचे. मग आरडाओरडा झाला की मला विचारायचे, "कोणाचा?" मी "आपला" म्हटलं तरी चेहरा काही सैल व्हायचा नाही. आता आपण पुढे आहोत म्हणजे गमावण्यासारखं काहीतरी आहे, अशी नवी काळजी सुरू व्हायची.

"चेंडूकडे बघायला सगळं गाव आहे," ते म्हणायचे. "बाकीच्यांकडे कोण बघतं?"

ही खोड त्यांना नोकरीतून लागली होती. भिवंडीच्या आसपासच्या गावांत जमिनी मोजायचं त्यांचं काम. पूर्णा, अंजूर, सगळीकडे शेतांवर गोदामं उभी राहायला लागली, वीतभर बांधाला सोन्याचा भाव आला आणि भाऊ भावाच्या अंगावर धावून जायला लागले. मोजणीच्या वेळी जमलेली सगळी माणसं साखळीकडे बघत असायची. अण्णा माणसांच्या हातांकडे बघायचे. "कोणाचा हात कोयत्याकडे चाललाय ते आधी कळलं पाहिजे ग," असं ते मला सांगायचे. एकदा असा एक हात त्यांना उशिरा दिसला होता. त्याच्या पुढचं ते कधी सांगत नसत आणि मीही विचारलं नाही.

ते आमच्याच आळीतले. मी शाळेत शिकवते, आणि लहानपणापासून मला फुटबॉलचं वेड. अण्णांना गोल कोणी मारला हे सांगणारं माणूस लागायचं, मला सामन्याला बसायला सोबत लागायची, अशी आमची जोडी जमली. स्वभाव मात्र दोन टोकांचे. ते घाबरायला यायचे आणि मी जिंकायला.

आमच्या मैदानाचे दोन संघ आहेत. पूर्वी एकच होता. गोलच्या जाळ्या कोणाच्या घरी ठेवायच्या यावरून तो फुटला. तेव्हापासून पूर्वेला सामान ठेवणारे ते उगवतीवाले आणि पश्चिमेला ठेवणारे ते मावळतीवाले. दोन्हीकडे लूमवर शिफ्ट करणारी पोरं आहेत, गोदामात माल चढवणारी आहेत, कॉलेजातली आहेत. वर्षातून एकदा त्यांचा आपसात सामना होतो. टीव्हीवर परदेशी फुटबॉल बघणारी मुलं त्याला डर्बी म्हणतात, म्हातारे घरचा सामना म्हणतात. इतर कोणाशी हरलं तर माणूस घरी जाऊन जेवतो. ह्या सामन्यात हरलं तर वर्षभर दुधाच्या रांगेतसुद्धा ऐकून घ्यावं लागतं. आम्ही उगवतीवाले. आणि त्या वेळी आम्ही लागोपाठ चार वर्षं हरलो होतो.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर अण्णांचा कागद लागायचा. उभ्या रेघा मारून तीन रकाने: नाव, दहापैकी गुण, शेरा. गोल मारणाऱ्याला चार आणि राखीव बसलेल्याला सात, असले अजब गुण असायचे. "तहान लागलेली असताना बाटली आधी दुसऱ्याला दिली." "पंचांनी शिटी वाजवल्यावर चेंडू लांब उडवला, राग आवरत नाही." "दोन वेळा आईकडे पाहिलं. दुखापत लपवतो आहे काय?" पोरं कागदाला हसायची, आणि कोणी बघत नाहीसं पाहून आपापला शेरा वाचून जायची. आमचे कोच भोईरदादासुद्धा टपरीवर उगाच दुसरा चहा मागवून कागदाशी रेंगाळायचे.

पण अण्णांची भीती हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. गोलचा खांब पडेल, ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जाईल, कुत्रं मध्ये येईल आणि पोरगं त्याला अडखळेल. सामना सुरू झाला की त्यांचं हे सुरू. मी ज्या सामन्याबद्दल सांगणार आहे त्याच्या आदल्या वर्षी तर त्यांनी कहर केला. आम्ही एका गोलनं पुढे असताना "तार! विजेची तार पडलीय!" असं ओरडून त्यांनी सामना थांबवायला लावला. ती तार म्हणजे पतंगाचा मांजा निघाला. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आमच्या पोरांची लय गेली होती, आणि आम्ही दोन गोल खाऊन हरलो. अण्णा त्या दिवशी खुर्ची मैदानातच विसरून घरी गेले.

म्हणून पुढच्या वर्षी सामन्याआधी भोईरदादा हात जोडून आले. "अण्णा, तुमच्या पाया परतो. यंदा तोंड उघरायचा नाय. भ्या वाटला त बाईंना सांगा. बाईंना पटला त बाई मना सांगतीन." बाई म्हणजे मी. अण्णांनी मुकाट्यानं मान हलवली. मला तर फार मोठा अधिकार मिळाल्यासारखं वाटलं. अण्णांची भीती गाळून घ्यायची चाळणी म्हणजे मी, असं मीच हसत हसत सगळ्यांना सांगितलं.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला तो रविवार. चार वाजताचं ऊन. मावळतीवाल्यांनी आठव्याच मिनिटाला कॉर्नरवरून गोल केला, आणि मध्यंतराच्या जरा आधी आमच्या इरफाननं फेडला. इरफान लूमवर काम करणारा, बाणासारखा सुटणारा पोरगा. मध्यंतराला अण्णांनी मला गुण लिहून घ्यायला लावले. गोलकीपर चार, "बोलत नाही." इरफान सहा, "गोल मारून प्रेक्षकांकडे धावला, पास देणाऱ्याकडे गेला नाही." लहानू आठ.

लहानू आमचा डावीकडचा बचाव. अकलोलीच्या वरच्या पाड्यावरचा, पूर्ण्याच्या गोदामात माल चढवायचा आणि आठवडाभर तिथंच राहायचा. बुटका, रुंद, कमी बोलणारा. "आठ कशाबद्दल?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "त्यांचा दहा नंबर पडला तेव्हा चेंडू लहानूपासून तीन हातांवर होता. त्यानं आधी पडलेल्याला हात दिला."

"म्हणून तर त्यांना कॉर्नर मिळाला ना, अण्णा! तिथूनच गोल झाला!"

"असं होय? मग नऊ लिही."

मी चिडून नऊ लिहिले. इतकं हसतखेळत चाललं होतं सगळं.

मध्यंतरानंतर पाचसात मिनिटांत मावळतीवाल्यांचा एक फटका आमच्या गोलकीपरला चुकवून आत निघाला. लहानू कुठून आला कोण जाणे. त्यानं उडी मारून डोक्यानं चेंडू रेघेवरून बाहेर काढला आणि त्याच झेपेत त्याचं डोकं लोखंडी खांबावर आदळलं. तो आवाज मला आमच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू आला. लहानू खाली पडला आणि डोळे मिटून तसाच राहिला.

आमच्याकडे पडलेल्या खेळाडूला कांदा हुंगवतात. एक बादली पाणी, एक फडकं आणि भोईरदादांच्या खिशात फोडलेला कांदा, एवढाच आमचा दवाखाना. कांद्यानं डोळे उघडले की पोरगा खेळायला मोकळा. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं, कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. लहानूनं डोळे उघडले. उठला. हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यात माझ्या सर्वांत जोरात होत्या.

त्यानंतर तो जे खेळला ते मी चेंडूकडे बघणारी बाई म्हणून सांगते. त्यांच्या दहा नंबरच्या पायातून त्यानं दोनदा चेंडू काढून घेतला. मग आपल्याच अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन एकटा धावत सुटला, तिघांना मागे टाकलं आणि इरफानच्या पुढ्यात असा पास दिला की त्याला नुसता पाय लावायचा होता. दोन-एक! मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. चार वर्षांचं सगळं घशातून बाहेर पडत होतं. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी लहानूला दहापैकी दहा दिले असते.

कोणीतरी माझी ओढणी ओढत होतं. अण्णा होते. चेहरा पांढराफटक.

"मेघा, लहानू बरा नाहीये."

"अहो, आत्ता पास त्यानंच दिला!"

"गोल झाल्यावर सगळे इरफानकडे धावले. हा एकटा उलट्या दिशेला गेला आणि रेघेच्या बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गोलकीपरनं खांदा धरून वळवला त्याला. मग त्यानं बाटली घेतली. तोंडाला लावली. झाकण लावलेलं होतं, मेघा. आणि त्यानं घोट गिळला."

मी वळून पाहिलं. लहानू धावत होता. मी घड्याळ पाहिलं, बारा मिनिटं राहिली होती.

"दमलाय तो, अण्णा. ऊन किती आहे."

"डावा हात हलत नाहीये त्याचा धावताना. भोईरला सांग. बाहेर काढायला सांग त्याला."

भोईरदादा वीस पावलांवर उभे होते. वीस पावलं चालायला किती वेळ लागतो? पण लहानू बाहेर गेला असता तर डावीकडे उभं राहायला आमच्याकडे एक कॉलेजचा नवखा पोरगा होता, आणि त्यांच्या दहा नंबरनं त्याला दोन मिनिटांत धुऊन काढलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात विजेच्या वेगानं आलं आणि मी म्हणाले, "अण्णा, गेल्या वर्षीचं आठवा."

अण्णा गप्प झाले. कुठे बोट ठेवलं की ते गप्प होतील हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी नेमकं तिथंच ठेवलं.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "सांग ना ग." मी "बघते" म्हणाले आणि मान मुद्दाम उजवीकडे, चेंडूकडे ठेवली. मला लहानूकडे बघायची भीती वाटत होती. बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं. त्यांचे गुडघे थरथरत होते, त्यानं खुर्ची खडखड वाजत होती. मला तो आवाज ऐकू येत होता.

दोन मिनिटं उरली असताना तो आवाज थांबला. अण्णा उठले होते. पस्तीस वर्षांत त्यांनी चुन्याची रेघ कधी ओलांडली नव्हती, ती ओलांडून ते सरळ खेळाच्या मध्ये चालत गेले. चेंडू त्यांच्या अगदी पायाजवळून गेला, तोही त्यांनी पाहिला नाही. पंचांनी शिटी फुंकली. मावळतीवाले हसायला लागले आणि आमचेच लोक शिव्या द्यायला लागले. "अण्णा, भायेर या!" "अरे, चचा को हटाओ कोई!" भोईरदादा कपाळावर हात मारत धावले. इरफान ओरडत होता, "अण्णा, वो ठीक है, खेलने दो!"

अण्णांनी लहानूचं मनगट धरलं होतं. मीही धावले. लहानूच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत होती. तो अण्णांकडे पाहून ओळखीचं हसला आणि हळूच म्हणाला,

"अण्णा, मॅच कवा चालू व्हनार हाय?"

इरफानचं तोंड उघडंच राहिलं. लहानूनं दुसऱ्यांदा तेच विचारलं आणि मग त्याचे पाय दुमडले.

गोदामाचा एक टेम्पो मैदानाबाहेर उभा होता. त्यात मागे आम्ही त्याला निजवलं. डोकं अण्णांच्या मांडीवर, पायाशी मी आणि इरफान. लहानू ओकत होता आणि मधूनमधून घोरत होता, आणि ते घोरणं झोपेतलं नव्हतं. रस्त्यावर कंटेनरांची रांग लागलेली, टेम्पो हलेना. इरफान खाली उडी मारून धावत सुटला आणि एकेका ट्रकच्या दारावर मुठी आपटत ओरडायला लागला, "साइड दो भाई, आदमी मर रहा है!" तेव्हा माझ्या फोनवर भोईरदादांचा मेसेज आला. दहा जणांत खेळून आम्ही सामना जिंकला होता. मी फोन पालथा घातला. अण्णा दोन बोटं लहानूच्या नाकाखाली धरून बसले होते आणि पुटपुटत होते, "आहे. आहे. आहे." आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. लहानू मरेल ही भीती होतीच. तो मेला तर माझ्यामुळे मेला हे अण्णा आता बोलून दाखवतील, ही भीती तिच्या जोडीला होती. खोटं कशाला सांगू, कधी कधी ही दुसरी मोठी व्हायची.

डोक्याच्या आत रक्त साचत होतं. त्याला ठाण्याला हलवलं आणि ऑपरेशन झालं. त्याची बायको जानी पाड्यावरून दिराच्या मोटरसायकलवर आली तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन सांगत होते, जीव वाचेल, डाव्या हाताचं मात्र सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "तो वेगळं वागतोय हे कधी लक्षात आलं?"

अण्णा म्हणाले, "तो पडायच्या दहा मिनिटं आधी."

जानी पुढे आली. "धा मिनटा? तुमाला दिसला, आन् तुमी धा मिनटा बसून ऱ्हायलात?"

मी भिंतीला टेकून उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर जानीनंही पाहिलं असतं. "हो," ते म्हणाले. "भीती वाटली मला. लोक हसतील म्हणून."

जानीनं त्यांना तिथं, त्या कॉरिडॉरमध्ये, जे तोंडाला येईल ते ऐकवलं. अण्णा हात जोडून ऐकत राहिले. मी तोंड उघडलं नाही. परतताना रिक्षात मी रडत म्हणाले, "अण्णा, तुम्ही मला तेव्हाच सांगितलं होतं. माझं नाव का नाही घेतलंत?" ते बाहेर बघत म्हणाले, "रेघ ओलांडायला मला कोणी अडवलं होतं? दहा मिनिटं माझीच आहेत. तुझी काय असतील ती तू बघ."

लहानू वाचला. डावा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. आता तो पूर्ण्यालाच एका गोदामावर राखणदाराचं काम करतो. त्या सामन्यातलं त्याला काही आठवत नाही. ती तिघांना मागे टाकणारी धाव, तो पास, काहीच नाही.

अण्णा पुन्हा मैदानावर आले नाहीत. टपरीवर कागद लागला नाही. भोईरदादा दोनदा त्यांच्या घरी जाऊन रडले, "अण्णा, चुकला माजा," पण उपयोग झाला नाही. कांदा मात्र बंद झाला. आता कोणाचं डोकं आपटलं की पोरगा सरळ बाहेर बसतो, मग सामना हरला तरी चालेल. महिन्यातून एकदा अण्णा एसटीनं अकलोलीला जायचे आणि तिथून पाड्यापर्यंत चढायचे. साठी उलटलेला, छातीत धडधडणारा माणूस. जानी त्यांना घरात घ्यायची नाही. ते अंगणाबाहेर चिंचेखाली दगडावर बसायचे. लहानू सुट्टीवर असला तर बाहेर यायचा, अण्णा त्याला हात वर करायला लावायचे आणि कितीवर आला ते डोळ्यांनी मोजायचे. दोन बोटं वाढला की खूश व्हायचे. लहानू नसला तर थोडा वेळ बसून परत फिरायचे.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा झोपेत गेले. मैदानावर शोकसभा झाली, मी भाषण केलं. अण्णांनी एका पोराचा जीव कसा वाचवला हे सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. घरी आले आणि मला माझीच शिसारी आली. दुसऱ्या रविवारी मी एकटी अकलोलीला गेले.

जानी ओट्यावर वाल निवडत बसली होती. लहानू ड्युटीवर होता. तिनं मला बसायला पाट दिला. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. अण्णांनी त्या दहातल्या पहिल्याच मिनिटाला मला सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, कोचला सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही, मला जिंकायचं होतं.

जानीचे हात थांबले. तिनं वालांचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तो म्हातारा दर म्हयन्याला येऊन त्या चिचंखाली बसायचा. मी त्याला पानी बी दिला न्हाय."

मी वळून चिंचेखालच्या दगडाकडे पाहिलं.

"तुमी दोन डाव त्याच्यासंगती आल्ता ना, बाई?"

"हो."

"तवा तुमी आत बसून च्या पिलात," जानी म्हणाली.

"हो," मी म्हणाले.